ईमॅक्समधलं कॅलेंडर, माउसला हात न लावता

ईमॅक्समध्ये (हा मजकूर लिहायचा एडिटर) कॅलेंडर आहे हे मला दोन वर्षं वापरूनही माहीत नव्हतं, तारीख बघायची म्हणून फोन उचलायचो आणि मग पुढची दहा मिनिटं फोनमध्येच. मेटा-एक्स (म्हणजे आपलं ऑल्ट-एक्स) दाबा, कॅलेंडर टाइप करून एंटर मारा, तीन महिने शेजारी-शेजारी उघडतात, कर्सर आजच्या तारखेवर.

नवीन काही पाठ करायचं नाहीये. मजकुरात जे एक अक्षर ते इथे एक दिवस, ओळ म्हणजे आठवडा, पॅरेग्राफ म्हणजे महिना आणि पान म्हणजे वर्ष. म्हणून कंट्रोल-एफ ने उद्या, कंट्रोल-बी ने काल, कंट्रोल-एन ने पुढच्या आठवड्यातला तोच वार, कंट्रोल-पी ने मागच्या. महिन्याला मेटा धरून } किंवा {, वर्षाला कंट्रोल-एक्स आणि मग ] किंवा [. भरकटलात तर नुसतं टिंब दाबा, परत आजवर. ठरावीक तारखेला जायचं तर जी मग डी, ते वर्ष-महिना-दिवस विचारतं.

आकडा आधी टाइप करता येतो, हे मला सगळ्यात आवडतं. 45 आणि लगेच कंट्रोल-एफ, 45 दिवस पुढे. एरवी आकड्याआधी दाबतात ते कंट्रोल-यू वगैरे काही लागत नाही.

फक्त महिन्यांच्या बाबतीत जरा सांभाळून. 31 जानेवारीवरून एक महिना पुढे गेलात की फेब्रुवारीला 31 नाही म्हणून कर्सर 28 वर थांबतो (लीप वर्ष असेल तर 29), आणि तिथून आणखी एक महिना गेलात की 28 मार्च, 31 नाही. मी हप्त्यांच्या तारखा अशाच एकेक महिना ढकलत लिहिल्या होत्या आणि सगळ्या चुकल्या. त्यापेक्षा 31 जानेवारीवरच उभं राहून 2 टाइप करा आणि मग मेटा-}, थेट 31 मार्च येतो.

दोन तारखांमधले दिवस मोजायचे तर पहिल्या तारखेवर कंट्रोल-स्पेस, दुसरीवर जाऊन मेटा आणि =. दोन्ही टोकं धरून मोजतं बरं का, रजेचा अर्ज करताना हेच हवं असतं.

आठवडा रविवारपासून सुरू होतो, सोमवार हवा असेल तर मेटा-एक्स कस्टमाइझ-व्हेरिएबल करून कॅलेंडर-वीक-स्टार्ट-डे ला 1 द्या.

ऑर्ग-मोडवाल्यांनी (ईमॅक्समध्येच नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवणाऱ्यांनी) कंट्रोल-सी मग टिंब दाबलं की हेच कॅलेंडर उघडतं पण तिथे कर्सर खाली प्रॉम्प्टमध्ये (तारीख टाइप करायच्या ओळीत) असतो म्हणून शिफ्ट धरून बाण वापरायचे, आडवे दिवसाला, उभे आठवड्याला. नाहीतर सरळ +3डी लिहा (डी अर्थात इंग्रजीतला), तीन दिवस पुढची तारीख पडते.

तिथी मात्र यात नाही, त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आहेच. पण कॅपिटल एम दाबून बघा, त्या तीन महिन्यांतल्या अमावास्या-पौर्णिमा वेळेसकट येतात. बंद करायला क्यू.