एडीएचडीचे औषध आणि अमेरिकेतील विमा: नव्याने येणाऱ्या पालकांसाठी

भारतातून कुटुंबासह अमेरिकेत आलेल्या माणसाला नोकरी सुरू होताच आरोग्यविम्याच्या तीन-चार योजनांतून एक निवडावी लागते, आणि आपल्यातील बहुतेक जण त्या तक्त्यात एकच आकडा पाहतात: पगारातून कापला जाणारा प्रीमियम. मीही तेच केले होते. घरात एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या विकाराचे) औषध घेणारे मूल असताना ते किती महागात पडते, हे मला जानेवारीत फार्मसीच्या काउंटरवर कळले.

आमचे मूल घेत असलेल्या व्हायव्हान्स या औषधाच्या जेनेरिकला, म्हणजे ब्रँडशिवायच्या स्वस्त पर्यायाला, मान्यता मिळाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. ही गोष्ट त्याआधीची. जुन्या योजनेत महिन्याच्या ३० कॅप्सूलसाठी आम्ही ४० डॉलर को-पे, म्हणजे दर वेळी आपण द्यायची ठरावीक रक्कम, भरत होतो. नवी योजना हाय-डिडक्टिबल प्रकारची, म्हणजे वर्षातला सुरुवातीचा मोठा खर्च आधी आपणच करायचा अशी, होती, तिचा प्रीमियम दरमहा ९० डॉलरांनी कमी होता, आणि आपण फार हुशारी केली असे मला वाटत होते. काउंटरवरच्या मुलीने यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला, तेव्हा त्यावर ३६० डॉलर होते. काही चूक झाली असेल, असे मी म्हणालो. तिने विम्याचे कार्ड पुन्हा तपासले, आकडा तोच राहिला. ३,००० डॉलरांचे डिडक्टिबल आपल्या खिशातून भरून होईपर्यंत विमा या औषधाचा एक पैसाही देणार नव्हता. वर्षभरात वाचणारे १,०८० डॉलर एप्रिलअखेरीसच संपले, आणि योजना बदलण्याची संधी पुढच्या नोव्हेंबरपर्यंत नव्हती.

म्हणून योजना निवडण्यापूर्वी तिची फॉर्म्युलरी, म्हणजे विम्यात बसणाऱ्या औषधांची यादी, अवश्य उघडावी. तीत औषधाचे नाव, मात्रा आणि प्रकार नेमका शोधावा, कारण दिवसभर पुरणारी गोळी आणि चार तासांची गोळी यांचे टियर (यादीतील किमतीचे गट), आणि म्हणून को-पे, वेगळे असू शकतात. नावापुढे पीए किंवा एसटी ही अक्षरे दिसली तर थांबावे. पीए म्हणजे प्रायर ऑथरायझेशन: हे औषध का हवे, ते डॉक्टरांनी विमा कंपनीला आधी पटवून द्यायचे. एसटी म्हणजे स्टेप थेरपी: आधी स्वस्त औषध घेऊन पाहायचे, ते लागू पडले नाही तरच महाग औषध मिळायचे. नोकरी बदलून विमा कंपनी बदलली की ही कागदपत्रे बहुधा पहिल्यापासून करावी लागतात. मुलाने पुण्यात किंवा मुंबईत इन्स्पिरल अथवा अॅडवाइझ घेतले असेल, तर तिथल्या डॉक्टरांकडून औषध, मात्रा, तारखा आणि झालेला त्रास यांचे पत्र निघण्यापूर्वीच घ्यावे. ही दोन्ही मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाचीच भारतातील नावे आहेत, आणि ते आधी वापरून झाले आहे हे येथील डॉक्टरांना अर्जात लिहिता येते.

दुसरा खर्च लपलेला असतो. उत्तेजक गटातील ही औषधे शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, मोडतात, त्यामुळे त्यांना रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध) नसतो आणि प्रत्येक वेळी नवे प्रिस्क्रिप्शन लागते. मात्र डॉक्टर एकाच भेटीत एकूण ९० दिवसांपर्यंतची स्वतंत्र प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात. तसे स्वतःहून विचारावे, नाहीतर दरमहा भेटीचाही को-पे भरत राहाल. अॅटोमॉक्सेटीन हे एडीएचडीचेच औषध या गटात येत नाही आणि त्याचे जेनेरिक २०१७ पासून मिळते. ते मुलाला चालेल का, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

विम्याऐवजी फार्मसीत दाखवायची सवलतीची कार्डे वाईट नाहीत. साध्या जेनेरिकची त्यांवरची किंमत कधीकधी को-पेपेक्षाही कमी निघते. पण ते पैसे विम्याबाहेरचे असल्याने सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या सरकारी औषध नियामक संस्थेने) अॅडरॉल या एडीएचडीच्या औषधाची टंचाई जाहीर केली, तेव्हापासून मला एक सवय लागली आहे: डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन पाठवण्याआधी फार्मसीला फोन करून माल आहे का, हे विचारायचे.

आपल्या मंडळींच्या दोन सवयींविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. कोणी भारतातून कुरिअरने गोळ्या मागवतो, तर कोणी मित्राच्या मुलाच्या कॅप्सूल ‘या महिन्यापुरत्या’ उसन्या घेतो. नियंत्रित औषधांच्या बाबतीत हे दोन्ही येथे गुन्हे आहेत, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने त्या वाटेला मुळीच जाऊ नये. निदान लपवण्यासाठी विमा टाळून रोखीने औषध घेणारी कुटुंबेही मी पाहिली आहेत. गावाला कळू नये म्हणून ती दरमहा शेकडो डॉलर मोजतात.

विमा कंपनीने नकार कळवला, तर ते पत्र फेकू नये. अपिलासाठी साधारणपणे १८० दिवस मिळतात, आणि तेही फेटाळले गेल्यास, नकार वैद्यकीय कारणावरून असेल तर, कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. आमचे दुसऱ्या वर्षीचे प्रायर ऑथरायझेशन अपिलातच मंजूर झाले, तेही डॉक्टरांच्या दीड पानी पत्रावर.