उमर्टीचा कट्टा (गावठी पिस्तूल) सापडला, पुढे काय? सीमेवरच्या पोलीस ठाण्यांसाठी

उमर्टी नावाची गावं दोन: एक जळगावच्या चोपडा तालुक्यात, दुसरं पलीकडे मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात. गावठी पिस्तुलांसाठी बदनाम आहे ते दुसरं. पण माल पकडला जातो आपल्याकडे आणि तपास बहुतेकदा विकणाऱ्यापाशीच थांबतो.

जप्ती करताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार व्हिडिओ चित्रण सुरू ठेवा. पिस्तूल रिकामं करून मॅगझिन आणि काडतुसं वेगवेगळी सील करा. गावठी हत्याराला खरा अनुक्रमांक नसतो, ‘मेड इन यूएसए’ हा ठसाही खोटाच. त्यामुळे नळी, मूठ आणि ठशाचे जवळून फोटो काढून बडवानीला पाठवा. एकाच कारागिराची घडण तिथले अंमलदार ओळखू शकतात.

काडतूस मात्र बोलतं. ते सहसा कारखान्यातलं असतं. बुडावर ‘केएफ’ असेल तर खडकीचा दारूगोळा कारखाना. तिथून परवानाधारक दुकानदाराची विक्रीवही तपासता येते. हा धागा फार वेळा सोडला जातो.

पलीकडे झडती हवी तर याच संहितेच्या कलम १८६ खाली तिथल्या ठाण्याला लेखी विनंती करा. उशिराने पुरावा नष्ट होणार असेल तर स्वतः झडती घेता येते, पण स्थानिक ठाण्याला आणि जवळच्या दंडाधिकाऱ्याला लगेच कळवावं लागतं. आरोपीला आणण्याआधी तिथल्याच न्यायालयातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे त्याला राज्याबाहेर नेण्याची परवानगी, घ्या.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या (विनापरवाना शस्त्र बाळगण्याच्या) गुन्ह्यात खटला भरण्याआधी कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती राहिली, की चांगला खटलाही कोसळतो.