मागची काच फुटली तेव्हा

दांडिया बाजारात गाडी उभी केली होती. कुठूनसा गोटीएवढा दगड आला आणि इलेक्ट्रिक एसयूव्हीची मागची काच साबुदाण्यासारखी डिकीत सांडली. ही टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच. समोरच्या लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लास्टिकचा थर असलेल्या काचेसारखी नुसता तडा जाऊन थांबत नाही. आधी फोटो काढले, विम्यासाठी फोन केला, मगच व्हॅक्यूम. गाडीच्या मोठ्या बॅटरीचा शॉक बसेल ही भीती उगाच होती, मागचा डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा) १२ व्होल्टवरच चालतो. नवी काच बसल्यावर त्याची दोन्ही कनेक्शनं तपासायला लावली. एक सैल निघालं! काच चिकटवणारं यूरेथेन सुकेपर्यंत खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या, नाहीतर दार आपटलं की आतली हवा काचेला ढकलते. धाकट्यानं आपटलंच. सीटच्या फटीतून मणी अजून निघतायत.