मेंदूचा रक्तप्रवाह आणि वाढतं वय : या फील्डमधे यायचं असेल तर

इंजिनिअरिंग करून, फिजिओथेरपी करून, स्टॅटिस्टिक्स करून या विषयात येता येतं का असं विचारणारे मेसेज अधूनमधून येत असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी स्वतः इन्स्ट्रुमेंटेशनवाली, आणि आता साठीच्या पुढच्या लोकांच्या मेंदूतला रक्तप्रवाह एमआरआयवर मोजणं हे माझं रोजचं काम. येता येतं, नक्की येता येतं. फक्त सुरुवातीचं वर्ष कशात घालवायचं हे माहीत असलं तर बराच वेळ वाचतो.

आधी थोडं बेसिक. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं जवळजवळ १५ टक्के त्याला लागतं आणि ऑक्सिजन तर २० टक्के. साठवणूक म्हणावी अशी काही नाही, पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदात शुद्ध हरपते. १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त हा आकडा तुम्हाला सगळीकडे दिसेल. १९४० च्या दशकात सीमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसांना नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन, मानेतल्या शिरेतून आणि धमनीतून रक्ताचे नमुने घेऊन हे मोजमाप बसवलं. त्याच्याही आधी १८९० मधे रॉय आणि शेरिंग्टन यांनी मांडलं होतं की मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त वाढतं. आजचं फंक्शनल एमआरआय याच कल्पनेवर उभं आहे. हे जुने पेपर शोधून वाचा, पुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा त्यातून खूप जास्त कळतं.

आता मुद्द्याचं. वय वाढतं तसा हा प्रवाह कमी होतो, मोठेपणी वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरतात. नवीन आलेला प्रत्येक जण इथे लगेच निष्कर्षाला येतो की रक्त कमी पडलं म्हणून मेंदू म्हातारा झाला. थांबा जरा. माझं या कामाबद्दल एकच ठाम म्हणणं आहे, ते असं की म्हातारपण फक्त मेंदूत बदल करत नाही, ते तुमच्या मोजमापातही शिरतं, आणि यातला फरक ओळखता येणं हेच आपलं खरं शिक्षण.

उदाहरण सांगते. आम्ही जी पद्धत वापरतो तिला आर्टेरियल स्पिन लेबलिंग म्हणतात, १९९२ मधे डेट्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आणली. यात इंजेक्शन वगैरे काही नाही, मानेतून वर चाललेल्या रक्तातल्या पाण्यावरच रेडिओ लहरींनी खूण करायची, थोडं थांबायचं, आणि मग मेंदूचा फोटो काढायचा. खुणेचा एक, बिनखुणेचा एक, दोन्हींची वजाबाकी. सिग्नल जेमतेम एक टक्का असतो त्यामुळे अशा बऱ्याच जोड्या घ्याव्या लागतात. यातलं ते 'थोडं थांबायचं' फार महत्त्वाचं. २०१५ च्या सर्वमान्य शिफारशींमधे सत्तरीच्या आतल्या निरोगी माणसाला १८०० मिलिसेकंद आणि त्यापुढे २००० मिलिसेकंद असं दिलंय, कारण वयाबरोबर धमन्या कडक आणि वळणदार होतात, रक्त उशिरा पोचतं. आता एखाद्या ऐंशीच्या आजींना तरुणाचाच प्रोटोकॉल, म्हणजे तेवढंच थांबणं, लावलं की काय दिसतं, तर मोठ्या धमन्यांच्या जागी पांढरे चकचकीत ठिपके आणि त्यांच्या पलीकडचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, काळपट. म्हणजे खूण केलेलं रक्त अजून वाटेतच आहे. सॉफ्टवेअर मात्र निमूटपणे 'प्रवाह कमी' असा आकडा देऊन मोकळं होतं. म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्यांना आधी नुसते नकाशे बघायला बसवतात, आकडे नंतर.

दुसरी गोष्ट, कॉर्टेक्सची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर आणि आपला व्हॉक्सेल (स्कॅनमधला एक छोटा चौकोनी ठोकळा) तीन-चार मिलिमीटरचा, त्यात वयाने कॉर्टेक्स अजून पातळ झाला की एकाच चौकोनात मेंदू कमी आणि भोवतीचं पाणी जास्त, आकडा आपोआप खाली. याला पार्शल व्हॉल्यूम म्हणतात, याची दुरुस्ती करायला शिका आणि दुरुस्तीच्या आधीचे नंतरचे दोन्ही आकडे दाखवायची सवय लावून घ्या.

आणि अ‍ॅनिमिया! आपल्याकडे हे विसरून चालतच नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑक्सिजन पुरवायला मेंदूकडे खरोखरच जास्त रक्त जातं, शिवाय पातळ रक्तात ती खूण जास्त वेळ टिकते, आणि फॉर्म्युल्यात खूण टिकायचा वेळ म्हणून सगळ्यांना एकच १६५० मिलिसेकंद टाकले की (हे तीन टेस्ला चुंबकाच्या मशिनसाठी) आकडा अजूनच फुगतो. म्हणजे अशक्त, फिकट बाईंचा रिपोर्ट कागदावर सगळ्यात तरतरीत! स्कॅनच्या दिवशीच हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती) करून घ्या, गाईड नको म्हणाले तरी एकदा विषय काढाच.

चहाचं पण सांगते, कारण हे कुठल्याच कोर्समधे शिकवत नाहीत. कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह २० ते ३० टक्क्यांनी खाली येऊ शकतो, म्हणजे वर्षाला अर्धा टक्का शोधायला निघालेल्या माणसाला एका कपात कित्येक वर्षांचा फरक मिळतो. "आजी, सकाळी चहा नका घेऊ बरं का" असं फोनवर सांगितलं की "नाही गं बाई, चहा नाही, नुसती कॉफी घेतली" असं उत्तर हमखास येतं. म्हणून चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, बीपीची गोळी किती वाजता, रात्री झोप लागली का, हे सगळं समोर बसून, घाई न करता विचारायचं आणि फॉर्मवर वेळेसकट लिहायचं. सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलालाही विचारा. मशिनमधे डुलकी लागली तरी आकडा बदलतो, त्यामुळे मधेमधे बोलत राहायचं.

एमआरआय हाताशी नसेल तर ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीबाहेरून अल्ट्रासाउंडने धमनीतल्या रक्ताचा वेग बघणं, शिका, स्वस्त आहे, छोट्या हॉस्पिटलमधेही असतं. १९८२ मधे रूने आस्लिद यांनी हे दाखवून दिलं, दोन मेगाहर्ट्झचा प्रोब कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या जरा वर जेल लावून टेकवायचा आणि कवटीच्या पातळ जागेतून (हिलाच खिडकी म्हणतात) मिडल सेरेब्रल ही मेंदूची मोठी धमनी शोधायची, साधारण ४५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर. हाताला सवय लागेपर्यंत नुसती खरखर ऐकू येते, प्रोब केसभर तिरका केला की अचानक तो 'शूं-शूं' ठोका स्वच्छ लागतो, तो आवाज कानात बसला की निम्मं काम झालं. पण वयस्कर बायकांमधे हाड जाड किंवा सच्छिद्र झाल्याने बऱ्याचदा खिडकीच मिळत नाही. अशांना बाद केलं की तुमच्या अभ्यासातून नेमका तोच गट गळतो, हे पेपरमधे स्पष्ट लिहा. आणि हे मशिन वेग मोजतं, प्रवाह नाही, धमनीचा व्यास बदलला तर दोन्हींचं नातं बिघडतं. श्वास रोखून धरायला सांगितला की कार्बन डायऑक्साइड वाढतो, पुढच्या बारीक धमन्या सैल पडतात आणि मोठ्या धमनीतला वेग वाढतो. वयस्कर लोकांमधे ही वाढ बऱ्याचदा कमी मिळते, आणि मला स्वतःला हा 'प्रतिसाद' नुसत्या विश्रांतीच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. शंभरातून सात सात वजा करत जा, घड्याळाचं चित्र काढा, हे शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला विचारून 'बुद्धी मंदावली' असं लिहिणं अन्याय आहे. घरचा हिशोब, बाजारहाट, औषधं कोण सांभाळतं ते विचारा, शिक्षणाची वर्षं नोंदवा.

मग रक्त कमी म्हणून मेंदू थकतो की मेंदू थकला म्हणून कमी रक्त मागतो? दोन्ही घडतं, आणि एकदाच काढलेल्या स्कॅनवरून ते सुटत नाही. म्हणून वर्षानुवर्षं त्याच लोकांना बघणारे अभ्यास हवेत. आपल्याकडे बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात गावकऱ्यांचा असा अभ्यास चालवलाय, त्याबद्दल जरूर वाचा. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड ट्रायलचंही वाचा. बीपीचा वरचा आकडा १२० च्या खाली आणला तर म्हाताऱ्या मेंदूला रक्त कमी पडेल अशी भीती बऱ्याच जणांना होती, प्रत्यक्षात त्या गटात प्रवाह कमी झाला नाही, उलट थोडा वाढलेला दिसला. बीपीच्या गोळ्या टाळणाऱ्या काका-काकूंना मी हे आवर्जून सांगते.

प्रवेशाचं म्हणाल तर इंजिनिअरना गेट ही प्रवेश परीक्षा, त्यात २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, लाइफ सायन्सवाल्यांना नेट किंवा आयसीएमआर, डीबीटी या सरकारी संस्थांची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप). फेलोशिप २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. प्रोजेक्टवरच्या पोस्टला मात्र पैसे वेळेवर येतातच असं नाही, दोन-तीन महिन्यांची सोय हाताशी ठेवा. जागा म्हणाल तर बेंगळुरूचं निमहान्स, मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, आयआयएससी, आणि आपल्या मुंबईत आयआयटीचा बायोसायन्स विभाग.

अ‍ॅडमिशनची वाट बघत बसू नका. लिनक्स आणि थोडं पायथन शिका, एफएसएल हे मेंदूचे स्कॅन तपासायचं सॉफ्टवेअर शिकायला फुकट आहे, ओॲसिस-३ या वयस्कर लोकांच्या स्कॅनच्या संग्रहाचा डेटा अर्ज करून मिळतो आणि त्यात हे लेबलिंगवाले स्कॅन आहेत. एका माणसाचा स्कॅन घ्या, नकाशा काढा, ते चकचकीत ठिपके आहेत का बघा, आणि गाईडना मेल करताना लांबलचक बायोडेटाऐवजी तो नकाशा आणि खाली चार ओळी, कुठला आकडा तुम्हाला खरा वाटत नाही आणि का, एवढं जोडा. माझ्याकडे येणाऱ्या मेलमधले असे मेल मी आधी उघडते.