सिडनीच्या दक्षिण किनाऱ्यावरील बुशवॉक: ओहोटी पाहून निघणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

जोडसुटी जवळ आली की सिडनीतील मराठी कुटुंबांमध्ये तोच बेत फिरू लागतो. शनिवारी पहाटे निघायचे, रॉयल नॅशनल पार्कमध्ये उतरून फिगर एट पूल्स ही खडकातील कुंडे पाहायची, दुपारी कायामाचा ब्लोहोल, म्हणजे लाटेचे पाणी वर उसळवणारे खडकातले भोक, रात्री बेरी गावात जेवण आणि रविवारी आरामात परत. गेली चौदा वर्षे मी या पट्ट्यात पायी हिंडतो आहे आणि हा बेत फसलेला इतक्या वेळा पाहिला आहे की, आता कोणी फोनवर विचारले तर मी आधी नाहीच म्हणतो आणि मग कारण सांगतो.

पाऊणकी इथे चालत नाही

मी मूळचा गुहागरचा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चार पाउणे तीन, म्हणून चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. पंधरा पाउणे सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेला दुपारच्या आधी. सिडनीला मात्र पौर्णिमेची भरती सकाळी आठ-नवाच्या आसपास लागते, त्यामुळे आजोबांचे हे गणित मी पहिल्याच वर्षी मोडीत काढले आणि हवामान खात्याचे भरती-ओहोटीचे कोष्टक वापरू लागलो. कोष्टक हाती आले म्हणजे समुद्र कळला, अशी माझी त्यानंतरची समजूत होती, आणि खरी चूक ती होती.

कोकणातला माणूस समुद्र भरती-ओहोटीवरून वाचतो, कारण तिथे तेच मोठे असते. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक वरखाली होते, तर सिडनीला हा फरक फार तर दोन मीटरांपर्यंत जातो. शिवाय पावसाळा संपल्यावर अरबी समुद्र बराचसा शांत असतो, आणि जेव्हा नसतो तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत आपण त्याच्या वाटेला जात नाही. सिडनीच्या पूर्वेला उघडा टास्मान समुद्र आहे. दक्षिणेकडे दोन हजार किलोमीटरांवर वादळ झाले तरी त्याची लाट दोन-तीन दिवसांनी इथल्या खडकावर येऊन आदळते, आणि त्या वेळी इथे स्वच्छ ऊन पडलेले असते व वाराही नसतो. या लांबून आलेल्या लाटेला इथे ‘स्वेल’ म्हणतात आणि भरतीच्या कोष्टकात तिचा मागमूस नसतो.

एका एप्रिलमध्ये माझा मावसभाऊ गुहागरहून आला होता. ओहोटी दुपारी पावणेतीनला होती, ऊन छान होते, म्हणून आम्ही गॅरावारा फार्मच्या वाहनतळावरून बर्निंग पाम्सच्या किनाऱ्यावर उतरलो आणि मोठमोठे धोंडे ओलांडून अडीच वाजता पूल्सपाशी पोचलो. खडकाचा सपाट ओटा, त्यात इंग्रजी आठच्या आकाराचे स्वच्छ पाण्याचे कुंड, आणि भोवती छायाचित्रे काढणारी वीस-पंचवीस माणसे. दहा-बारा मिनिटे समुद्र तळ्यासारखा होता. भाऊ समुद्राकडे पाठ करून कुंडाच्या काठावर उभा राहिला.

लाट भिंतीसारखी आली नाही. ओट्याच्या कडेवरून पाणी नुसते वर चढले, गुडघ्याएवढे झाले, शांतपणे आमच्या मागच्या कड्यापर्यंत गेले आणि परत फिरले. माणसे पडली ती पाणी परतताना. भाऊ पाच-सहा मीटर घसरत गेला आणि शेजारच्या कुंडात अडकला, म्हणून वाचला. तळहातांची आणि मांडीची साल धारदार शिंपल्यांनी सोलून निघाली होती. फोनला रेंज नव्हती. माझ्या सदऱ्याच्या पट्ट्या बांधून आम्ही तो चढ दोन तासांत चढलो, आणि गाडीत बसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, “दादा, ओहोटी होती ना रे?”

ओहोटी होतीच. त्या दिवशी लाटेची उंची दोन मीटर आणि दोन लाटांमधील अंतर चौदा सेकंद होते, हे मी घरी येऊन पाहिले. खोल पाण्यात आठ सेकंदांची लाट सुमारे शंभर मीटर लांब असते, तर चौदा सेकंदांची तीनशे मीटर. उंची तेवढीच असली तरी दुसरीच्या मागे पाण्याचा साठा कितीतरी मोठा असतो. अशा लाटा गटागटाने येतात, दोन गटांमध्ये बराच वेळ समुद्र शांत राहतो आणि नवख्या माणसाला तीच शांतता खरी वाटते.

तेव्हापासून मी निघण्याच्या आदल्या रात्री तीन आकडे पाहतो: लाटेची उंची, तिचे सेकंद आणि दिशा. एक मीटरच्या वर किंवा दहा सेकंदांच्या वर काही दिसले तर ओट्यावर उतरत नाही. हा माझ्या भित्रेपणाचा नियम आहे, कोणाही तज्ज्ञाचा नव्हे. पार्कच्या संकेतस्थळावरील सूचना आणि धोक्याचा अंदाज तर पाहायचाच. जागेवर पोचल्यावर उंच खडकावर बसून वीस मिनिटे नुसते पाहायचे, आणि कोरड्या दिवशी खडक जिथपर्यंत ओला दिसतो तिथपर्यंत पाणी नुकतेच येऊन गेले आहे, असे धरून चालायचे. पायाखाली तपकिरी, रबरासारखे गोळे लागले आणि दाबताच त्यांतून पिचकारी उडाली, तर ते कुंजेवोई नावाचे समुद्री जीव आहेत. लाटा नेहमी येतात तिथेच ते वाढतात, म्हणजे तुम्ही चुकीच्या ठिकाणी उभे आहात. वीस मिनिटे बसायला सांगितले की लोक घड्याळ पाहतात. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांनी सरळ गार्डन सेंटरला जावे.

शांत दिवशी ब्लोहोलला जाणे

कायामाच्या ब्लोहोलबद्दल निराश झालेली माणसे मला दर महिन्याला भेटतात. १७९७ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज बासने होडीतून किनारा पाहताना नोंदवलेले हे भोक आग्नेयेकडून जोरदार लाट आल्यावरच खऱ्या अर्थाने उसळते. एरवी ते घशात खाकरल्यासारखा आवाज करते. म्हणजे जो दिवस फिगर एटसाठी वाईट तोच ब्लोहोलसाठी चांगला, आणि दोन्ही ठिकाणे एका दिवसात कोंबणाऱ्यांचे एक तरी फसणारच. लाट मोठी असेल तर मी सरळ कायामाला जातो, कठड्याच्या आत उभा राहतो, १८८७ मधील दीपगृह पाहतो आणि मग बॉम्बोच्या जुन्या दगडखाणीकडे वळतो. तिथे काळ्या ज्वालामुखी खडकाचे खांब उभे आहेत, आणि सह्याद्रीच्या माणसाला ते ओळखीचे वाटतात. खाणीतही समुद्राच्या बाजूच्या खडकावर जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

बंडीना ते ऑटफर्ड एका दिवसात

रॉयल नॅशनल पार्कच्या किनाऱ्याने सव्वीस किलोमीटर. दोन दिवसांची वाट आहे. जूनमध्ये सूर्य पाचच्या आधी मावळतो आणि ऑटफर्डचा चढ शेवटी येतो. नॉर्थ एराला तंबूची जागा आधी नोंदवून रात्र काढावी, पाणी घरून न्यावे. वेडिंग केक रॉक या पांढऱ्या कड्याला २०१५ पासून कुंपण आहे, ते ओलांडून छायाचित्र काढणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रात्री साडेआठला जेवायला निघणे

आपण नऊला जेवणारी माणसे. एका जुलैमध्ये तीन कुटुंबे, त्यात पाच मुले, अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावर रेंगाळलो, मुक्कामी आंघोळी उरकल्या आणि पावणेनऊला एका छोट्या गावाच्या मुख्य रस्त्यावर पोचलो. दिवे लागलेले होते, आत माणसे वाइनचे शेवटचे घोट घेत होती, पण सगळीकडे एकच उत्तर मिळाले: स्वयंपाकघर साडेआठला बंद झाले. शेवटी पेट्रोल पंपावरचे वेफर्स आणि गाडीत उरलेल्या दोन दशम्या अकरा जणांत वाटून खाल्ल्या. गावाचा दोष नव्हता. तिथली माणसे सहाला जेवतात आणि स्वयंपाक्यालाही घर असते.

म्हणून मी आता दिवस उलटा लावतो. गाव सकाळी पाहायचे, कारण बेकरीतील ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) दुपारपर्यंत संपतात आणि बहुतेक कॅफे दोन-तीनला खुर्च्या उलट्या करू लागतात. छोटी संग्रहालये बहुधा स्वयंसेवक चालवतात आणि आठवड्यातून मोजके तासच उघडी असतात, तेव्हा आधी फोन करावा. सोमवार-मंगळवार जोडून सुटी घेणाऱ्यांना निम्मे गाव बंद सापडते. जेवणाचे टेबल सहाचे राखून ठेवायचे. ते जमणार नसेल तर मुक्कामी मूगडाळीची खिचडी लावायची आणि त्यासाठी छोटा कुकर गाडीत असू द्यायचा. संध्याकाळच्या अंधुक उजेडात कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून त्या वेळी गाडी मुक्कामाच्या दारात असलेली बरी.

गोचीड

चिमटीत धरून ओढू नये. इथली गोचीड दाबली की विष आत सोडते. औषधाच्या दुकानात तिला गोठवणारा फवारा मिळतो, त्याने ती जागच्या जागी मारून गळून पडू द्यावी. श्वास लागला किंवा तोंड सुजले तर लगेच ००० या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. काहींना या दंशानंतर मटणाची ॲलर्जी होते, हे ऐकल्यावर मात्र आमच्याकडचे सगळे पायमोजे विजारीवर ओढून घेतात.

चुकीच्या टोकापासून सुरुवात

कायामाच्या दक्षिणेला लव्ह्ज बे ते वेरी लगून (समुद्रालगतचे उथळ तळे) ही सहा किलोमीटरची गवताळ टेकड्यांची वाट नवख्यांना मी आवर्जून सुचवतो. वाटेवर सावली अजिबात नाही, एवढे लक्षात ठेवावे. सगळे कायामाकडून निघतात आणि पाऊस होऊन गेला असेल तर लगूनचे तोंड समुद्राला उघडलेले पाहून शेवटच्या दोनशे मीटरांवर अडकतात. मग एक तर कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात उतरायचे, नाही तर सहा किलोमीटर उलट चालायचे. मी गाडी वेरीला लावतो. पाणी वाहते असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांतच कळते, आणि तेव्हा बेकरीही उघडी असते.