निरोपाचा कुंदा तिथंच शिजवा

जर्मनीतलं वर्ष संपवून खानापूर-बेळगावला परतताना तिथल्या मित्रांना कुंदा, म्हणजे आपली आटवलेल्या दुधाची मिठाई, वाटायचा असेल तर तो गावाहून मागवू नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईनं पाठवलेला माझा अर्धा किलो विमानतळावरच गेला!

त्यापेक्षा हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात करा. २ लिटर सायीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात निम्म्यावर आटवा, ३-४ चमचे दही घालून फाटू द्या आणि ढवळत राहा. पाणी आटत आलं की साखर. त्यातली थोडी आधी वेगळी तांबूस करून घातलीत की आपला तो तपकिरी रंग येतो. वेलदोडा शेवटी. दोन तास तरी जातात, पण वासानं अख्खा मजला गोळा होतो आणि पातेलं खरवडता खरवडता गप्पा होतात. शेवटच्या पार्टीत कोण कुणाशी नीट बोलतंय?

गडबडीत घर सोडल्याची सरकारी नोंद, म्हणजे आबमेल्डुंग, विसरू नका. ती निघण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येते. घराची अनामत मिळायला महिने लागू शकतात, तोवर तिथलं बँक खातं चालू ठेवा.