मधोमध बसणारा बदामाचा लिंबू केक असा सुधारला

भाचीला कुठलंच धान्य चालत नाही, म्हणून तिच्यासाठी बदामाच्या पिठाचा लिंबू केक करते. कडा छान फुगायच्या, पण ओव्हनमधून काढला की मधला भाग खाली बसायचा आणि आत ओलसर गोळा राहायचा.

गव्हाच्या केकला आधार देणारं चिकट प्रथिन, म्हणजे ग्लूटेन, बदामात नाही. केकला उभं धरतं ते अंडं. त्यामुळे आता २०० ग्रॅम पिठाला ४ अंडी घेते. पांढरं वेगळं, घट्ट फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळते. ओव्हन १८० नाही, १६० अंशांवर, कारण हे पीठ वरून लवकर करपतं. साधारण ४० मिनिटं. रंग चढला की वर फॉइल. भांड्यातच पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम उलटला तर तुटतोच.

आता लिंबाचं. रस वाढवला की मिश्रण फक्त सैल होतं. खरा सुवास सालीच्या तेलात असतो. कागदी लिंबाची साल पातळ, त्यामुळे बारीक किसणीवर अगदी हलकं फिरवायचं. पांढरा भाग आला की कडू! हा कीस साखरेत बोटांनी चोळला की साखर ओलसर, पिवळसर होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. मला तर सगळ्या कृतीत हेच जास्त आवडतं.

आणि हो, बेकिंग पावडरीत बहुधा मक्याचा स्टार्च असतो, आयसिंग शुगरमध्येही. म्हणून पाव चमचा खायचा सोडा घेते. सोड्याला फुगायला आंबट लागतं, त्याला दोन मोठे चमचे लिंबूरस पुरतो. पाकिटामागची यादी मात्र वाचाच.